बैलावर बसलेल्या बाईचं तोंड

जून आला की नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट नावाच्या गावातल्या गल्लीत घरांवर दप्तरं लटकायला लागतात. इथली पद्धत आहे. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या मुलाच्या घरावर झेंडा लावायचा आणि झेंड्याच्या काठीला त्याचं जुनं दप्तर टांगायचं. वारा सुटला की झेंडा फडफडतो आणि दप्तर भिंतीवर आपटत राहतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी दप्तर धुऊन वाळत घातलंय. आता पद्धत ठाऊक आहे, तरी त्या दप्तरांकडे नुसतं आनंदानं बघणं मला जमत नाही. माझी नजर आधी शेजारच्या घराकडे जाते, जिथे काठी रिकामी आहे. त्यांचीही मुलगी होती ना यंदा? मग पडदे का ओढलेत? कदाचित ते सगळे सुट्टीला फ्रान्सला गेले असतील. कदाचित नसतील. परीक्षेच्या दिवसांत मला प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यामागे दुसरा चेहरा असेल असं वाटत राहतं, आणि ही खोड मला बारा वर्षांपूर्वीच्या एका मे-जूननं लावली.

तेव्हा मी ॲमस्टरडॅमजवळच्या बाडहूव्हडॉर्पला मृणालवहिनींच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. विमानतळ इतका जवळ, की खिडकीतून विमानांची पोटं दिसायची. वहिनी पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या, चार वर्षं घरी बसलेल्या आणि मग विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं तपासायच्या कामाला लागलेल्या. मी आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं, एका प्राध्यापकांनी हाताला धरून अर्ज भरायला लावला, शिष्यवृत्ती मिळाली आणि जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायला मी ॲमस्टरडॅमला आले. त्या प्राध्यापकांचे आणि ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही अशा शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे उपकार मी आजही विसरत नाही. गावात मात्र लोक विचारायचे, "चित्रं धुवाले एवढ्या दूर?" त्यावर अण्णा, माझे वडील, शांतपणे म्हणायचे, "आपलंच काम हाय ते. फक्त मोठ्या साइजचं."

अण्णा बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत टचिंग करायचे. फोटो काढणारे मालक, टचिंग करणारे अण्णा. तिरप्या काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत ती जागा उजळ होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे वण, कपाळावरची आठी, सगळं तिथे जायचं. जे वाढवायचं ते नंतर छापलेल्या कागदावर बारीक कुंचल्यानं. स्थळाला पाठवायच्या फोटोंचं काम सगळ्यात जास्त. आर्वी आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी मुली अण्णांच्या हाताखालून गोऱ्या होऊन बाहेर पडल्या. मी दहा-अकरा वर्षांची असताना शाळेतून थेट तिथे जायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. अण्णा कामाच्या नादात एकदा म्हणाले होते, "तोंड खोटं करता येते बेटा, मान नाही करता येत. ज्याले टचिंग ओळखायचं असन त्यानं मान पाहावं."

हे वाक्य त्या मे महिन्यात माझ्या कामी आलं. कामी आलं की आडवं आलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझ्या प्रबंधासाठी मला एक चित्र नेमून दिलं होतं. न्यूनेन गावातल्या एका वृद्ध बाईंच्या मालकीचं. तीन पिढ्या त्यांच्या जेवणाच्या टेबलासमोर टांगलेलं, मेणबत्त्यांचा धूर आणि सूपची वाफ खाऊन पिवळं झालेलं. चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही. काळ साधारण सतराव्या शतकाचा. विषय ग्रीक पुराणातला. देवांचा राजा झ्यूस पांढऱ्या बैलाचं रूप घेतो. समुद्रकाठी मैत्रिणींबरोबर फुलं वेचणाऱ्या युरोपा नावाच्या राजकन्येजवळ येऊन गोगलगायीसारखा बसतो. ती त्याच्या शिंगांना माळ घालते, थोडी धीट होऊन पाठीवर बसते, आणि बैल उठून सरळ समुद्रात शिरतो. पुढे तिच्याच नावावरून या खंडाला नाव पडलं. माझ्या व्हिसावर, बँकेच्या पत्रांवर, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर कुठे ना कुठे तिचं नाव होतं आणि इतके दिवस मला पत्ताच नव्हता, की हे पळवून नेलेल्या एका मुलीचं नाव आहे.

मग मी तिची चित्रं शोधायला लागले आणि माझा संशय वाढत गेला. जुन्या ग्रीक मडक्यांवर ती बैलावर ताठ बसलेली असते, एका हातानं शिंग धरून, एसटीत दांडी धरून बसावं तशी. चेहऱ्यावर काहीच नाही. नंतरच्या चित्रकारांनी तिची वस्त्रं वाऱ्यावर उडवली, खांदे उघडे केले, आकाशात गुबगुबीत पंखवाली पोरं सोडली. डच चित्रकारांनी ग्रीक समुद्रावर आपलेच करडे ढग आणून ठेवले आणि लांब किनाऱ्यावर आपल्याच गावाचं चर्च. पण बघावं तिथे ती जराशी मागे वळलेली, गाल गुलाबी, आणि भीती असली तरी शोभून दिसेल एवढीच. ग्रंथालयात मी एकामागून एक पुस्तकं उघडत होते. खडकाला साखळ्यांनी बांधलेली आंद्रोमेदा. गोष्टीत ती इथिओपियाची राजकन्या आहे, चित्रात मात्र दुधासारखी गोरी. मी मनात म्हटलं, टचिंग! साखळी तर अशी रंगवलेली, की सोनाराकडून करून आणली असावी. देवाच्या तावडीतून सुटायला झाड झालेली दाफ्नी. बोटांना पानं फुटताहेत, पण उरलेलं सगळं अंग चित्रकारानं अजिबात घाई न करता, मन लावून रंगवलेलं. या बाया पळत होत्या, बुडत होत्या, बांधलेल्या होत्या, आणि कुणाचंही तोंड वेडंवाकडं झालेलं नव्हतं. इतक्या शतकांत, इतक्या हातांनी काढलेल्या चित्रांत, एकाही बाईचं नाक लाल होऊ नये?

मला आमच्याकडची कॅलेंडरं आठवली. आर्वीहून कौंडण्यपूर फार लांब नाही. रुक्मिणीचं माहेर ते. आमच्याकडे रुक्मिणीहरणाचं चित्र घरोघरी असायचं: रथ, चार पांढरे घोडे, कृष्णाच्या शेजारी हसणारी रुक्मिणी. त्या हसण्याचा मला कधी संशय आला नाही, कारण गोष्टीत तिनं स्वतः पत्र पाठवून त्याला बोलावलंय. युरोपानं कुठे पत्र पाठवलं होतं?

हे मी एकदा जेवताना मृणालवहिनींना म्हटलं. त्या भात वाढता वाढता थांबल्या. "अगं, किती संशयी आहेस तू! परवा हाउसआर्ट्स डॉक्टरनं नुसती पॅरासिटामॉल लिहून दिली, तर तू त्याचंही पाकीट मागून-पुढून वाचत बसलीस."

"इथले डॉक्टर सगळ्यालाच पॅरासिटामॉल देतात, वहिनी."

"मग त्यात संशय कसला? ते कन्सिस्टंट आहेत." त्यांनी पर्समधून दोन युरोचं नाणं काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "हे बघ, ट्रॉलीसाठी ठेवलं होतं. ग्रीसचं आहे. हीच का तुझी बाई?"

तीच होती. बैलावर बसलेली, पदर उडतोय. सुपरमार्केटच्या ट्रॉलीच्या फटीत रोज तिला कुणीतरी कोंबत होतं.

"हसतेय का गं?" वहिनींनी चष्मा वर करून विचारलं.

"एवढ्याशा नाण्यात दिसत नाही."

"मग सोड ना! बैलावर बसली, फिरून आली, खंडाला नाव मिळालं. मी विमानात बसून आले, मला महापालिकेचं पत्र मिळालं, तेही डचमध्ये." आणि आपल्याच बोलण्यावर त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पण त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी ठसक्याचंच आहे ना, असं त्या क्षणी माझ्या मनात आलंच.

न्यूनेनच्या चित्रातली युरोपा हसत होती. ओठ मिटून, बेतानं. आणि मान? मानेच्या दोन्ही शिरा ताणलेल्या, गळ्याजवळचा खळगा खोल गेलेला, हनुवटी पुढे आलेली. त्या तोंडाची ती मान नव्हती. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. रंगाखालचं रेखाटन दिसावं म्हणून चित्राचे इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं फोटो घेतात. आमचेही घेतले. पडद्यावर काळ्या रेघा उमटल्या आणि मी खुर्चीतून उठलेच. मिटलेल्या ओठांच्या खाली दुसरं तोंड होतं. उघडं.

माझे मार्गदर्शक हेंक माझ्या मागे उभे होते. साठीचे, उंच, कायम सायकलची क्लिप पँटला विसरलेले. मी त्यांना सुरुवातीला सर म्हणायचे. ते म्हणायचे, "सर इंग्लंडमध्ये राहतात. इथे हेंक राहतो." त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." डच माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की सावध व्हायचं, हे मला तोवर कळलं होतं. त्याचा अर्थ छान असाही होतो, चूक असाही, आणि बरेचदा जेवायची वेळ झाली असाही.

"ती ओरडतेय," मी म्हटलं. "नंतर कुणीतरी तिचं तोंड मिटवलं. एखाद्या मालकाला जेवताना ओरडणारी बाई नको असेल. त्यानं दुसऱ्या कुणाकडून हसू रंगवून घेतलं."

"तुला हे कसं कळलं?"

"मान बघा."

त्यांनी मान पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "सिद्ध कर," एवढंच म्हणाले.

आता ताईच्या फोटोबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवसांत मी चित्राकडे बघत असले तरी दिसत मला तोच होता. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला धामणगावचं स्थळ आलं, फोटो गेला, पसंती आली आणि पंधरा दिवसांत लग्न झालं. तो फोटो आमच्या घरी फ्रेममध्ये आहे. त्यात ताई ओठ मिटून, बेतानं हसते. मान ताणलेली आहे. मी अकरा वर्षांची होते, पण अण्णांचं वाक्य मला पाठ होतं. मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की ताई त्या दिवशी रडत होती आणि स्टुडिओच्या मालकांनी अण्णांना सांगितलं असणार, "स्थळाचा फोटो आहे, जरा गोड करा." हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. स्टुडिओतली व्यवस्थाच तशी होती: फोटो काढणारा एक, बिघडवायला सांगणाराही तोच, आणि अण्णा नुसते हात. चित्रातल्या बाईसाठीसुद्धा मी नकळत हीच व्यवस्था लावली होती. खरा चित्रकार भला माणूस. त्यानं ओरडणारी बाई काढली. मागून आलेल्या कुणा परक्यानं तिला हसवलं. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. टचिंगवाल्याच्या मुलीनंच करावी अशी ती होती.

सबंध मे महिना मी त्या परक्या माणसाच्या मागे होते. बाहेर चेस्टनटच्या झाडांना पांढरे तुरे आले, मोहरीसारख्या रेपसीडच्या शेतांनी रस्त्याच्या कडेला पिवळे पट्टे ओढले, वहिनींच्या मुली अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत डचमध्ये भांडायच्या. मी खिडकी लावून चाळीस पानं लिहिली. प्रत्येक पानावर 'किंकाळी' हा शब्द होता. न्यूनेनच्या बाई एकदा प्रयोगशाळेत येऊन गेल्या. मी त्यांना माझा अंदाज सांगितला. त्यांनी कोटाची बटणं लावली, परत काढली. म्हणाल्या, "आमच्या घरात कायम प्रसन्न असलेली ती एकटीच होती." आणि मग, "तुम्ही हसू काढून टाकणार का?"

"नंतर कुणी रंगवलेलं असेल तर काढता येतं. मग ती मुळात होती तशी दिसेल."

"माझी आई तिला गुड मॉर्निंग म्हणायची," बाई म्हणाल्या.

मला त्यांचाही संशय आला. मनात म्हटलं, बघा, जेवताना ओरडणारी बाई कुणालाच नको असते.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना मी ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे आधीच एक टवका उडाला होता तिथून, टाचणीच्या टोकाएवढा रंगाचा कण घेतला. असा कण पारदर्शक ठोकळ्यात बसवून घासला की मायक्रोस्कोपखाली रंगाचे थर दिसतात, जुन्या भिंतीच्या पोपड्यात आधीचे रंग दिसावेत तसे. कुणी शंभर वर्षांनी येऊन हसू रंगवलं असतं, तर खालच्या आणि वरच्या थराच्या मध्ये जुनं व्हार्निश दिसायला हवं होतं, निदान धुळीची एक रेघ. रेघ नव्हती. खालचा रंग वरच्या रंगात मिसळला होता. दोन्ही रंग एकाच वेळी ओले होते.

म्हणजे तोंड उघडणारा आणि मिटवणारा एकच माणूस होता. त्यानं मान काढली, उघडं तोंड काढलं, रंगवायला घेतलं आणि रंग सुकायच्या आत, कदाचित त्याच दुपारी, स्वतःच्या हातानं ते मिटवून टाकलं.

त्या कणाची नोंद फक्त माझ्या वहीत होती. तो घेणं सक्तीचं नव्हतं. प्रबंधात तो नसता तर कुणी विचारलंही नसतं. माझी चाळीस पानं तयार होती, पास होणं गरजेचं होतं, पदवी नाही तर इथे राहण्याचा परवानाही नाही. मी स्वतःला समजावायला कारणंसुद्धा शोधली. कुणीतरी आधी व्हार्निश काढून मग रंगवलं असेल. कण चुकीच्या जागेचा असेल. दोन दिवस मी वही पिशवीत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी, इथली सकाळ आणि तिथली दुपार असताना, अण्णांना फोन लावला.

"अण्णा, कामाचं विचारायचं आहे. तोंड बदलायचं असलं तर तुम्ही फोटो पूर्ण वाळू द्यायचे, की लगेच करायचे?"

कामाचं म्हटल्यावर ते खुलले. "लगेच! कागद ओलसर हाय तोवरच रंग पेते तो. दुसऱ्या दिवशी केलं तर चिटकवल्यावानी दिसते. ज्यानं फोटो काढला त्यानंच बसल्या बैठकीत केलं, तर देवालेही ओळखू नाही येनार."

"पण काढायचे तर मालक."

"हो, काढाचे मालकच."

"ताईचा फोटोही त्यांनीच काढला ना? त्यांनीच सांगितलं होतं ना गोड करा म्हणून?"

पलीकडे पंखा गरगरत होता तो ऐकू आला.

"मालक त्या दिवशी नागपूरले गेले होते," अण्णा म्हणाले. "मीच काढला. मीच केला." आणि मग, "हसरी पोरगी पाहून कोनी नाही म्हनत नाही बेटा. चांगलं घर होतं. माह्या जिंदगीतलं सगळ्यात साफ काम हाय ते. एक रेघ दाखवून दे मले."

रेघ नव्हतीच. मला ठाऊक होतं. मी फोन ठेवला आणि बाहेर एकामागून एक उतरणारी विमानं बघत बसले. अण्णा वाईट नाहीत. मला त्यांनी कधी कमी पडू दिलं नाही, मी इथवर आले ती त्यांच्या भिंगातून बघायला शिकले म्हणून. पण त्या दिवसापासून कृतज्ञता आणि संशय एकाच माणसाबद्दल वाटू शकतात, आणि एकानं दुसरा कमी होत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

त्याच दुपारी मी कण हेंकना दाखवला. त्यांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, मान वर केली. या वेळी ते इंटरेस्टिंग म्हणाले नाहीत.

"म्हणजे तुझा खलनायक गेला."

"हो."

"नवा मिळाला?"

"तो आधीपासून तिथेच होता," मी म्हटलं. "मी त्याला वगळलं होतं."

"मग हसू काढता येणार नाही. चित्रकारानं स्वतः केलेल्या बदलाला आपण हात लावत नाही."

"माहीत आहे."

"एक आठवडा आहे," ते म्हणाले आणि मला त्यांच्या खोलीची किल्ली दिली, कारण तिथे कुणी येऊन त्रास देत नसे. मी त्या किल्लीचाही संशय घेतला, की यांना माझी कीव आली असेल. आज वाटतं, आली असेल तर आली. किल्ली तर खरी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ताईला फोन केला. तिच्याशी दर रविवारी बोलणं व्हायचं, पण त्या फोटोबद्दल मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिच्यासाठी वाईट वाटून घेण्यात माझी इतकी वर्षं बरी गेली होती. ताईचं तसं चांगलं चाललंय. भाऊजी शांत आहेत, मुलगा शिकतोय, घरी शिलाईच्या दोन मशिनी आहेत आणि धामणगावात तिच्या ब्लाउजला रांग लागते.

"काय वो इंजिनेर बाई," ती म्हणाली. मी इंजिनिअर नाही हे तिला पक्कं माहीत आहे. "आज मंगळवारी कसा काय फोन? रविवार उसना घेतला का?"

मी तिला चित्राचं सगळं सांगितलं. बैल, समुद्र, तोंडाखालचं तोंड. मग म्हटलं, "ताई, तुझा स्थळाचा फोटो. अण्णा मला म्हणाले, त्यांनी स्वतःच केलं ते. तू रडत होतीस ना तेव्हा?"

"रडत? कोनं सांगतलं तुले?"

"मान ताणलेली आहे तुझी."

"हो मग, बोलताना तानते मान!" ती चिडलीच. "मी रडत नव्हती. मी बोलत होती. अण्णानं मी बोलता बोलताच बटन दाबलं."

फोटो पाहिल्यापासून इतक्या वर्षांत, आणि चाळीस पानं लिहिताना एकदाही, उघडं तोंड बोलणारं असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ओरडणारी किंवा हसणारी, मीही तिला दोनच पर्याय ठेवले होते.

"काय बोलत होतीस?"

"उद्या पेपर हाय ना तुहा? मंग आता ते काऊन काढतं? दे पेपर, ये घरी, मंग सांगते." आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी रात्रभर नाही, पण तासभर नक्कीच एकच काम केलं. प्रबंधात जिथे जिथे 'किंकाळी' होतं तिथे 'उघडं तोंड' लिहिलं आणि सुधारलेली प्रत रात्रीच परीक्षकांना पाठवली.

परीक्षा एका पांढऱ्या खोलीत झाली. समोर तिघं. चित्र बाजूला स्टँडवर ठेवलेलं, व्हार्निश उतरवल्यावर समुद्र चांगला हिरवा निघाला होता. बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई माझ्या पहिल्या मसुद्याची प्रत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आधी तुम्ही ठामपणे लिहिलं होतं की ती ओरडते आहे. आता फक्त तोंड उघडं आहे म्हणता. ही माघार का?"

मी म्हटलं, "आधी मला पुराव्याआधीच उत्तर माहीत होतं. रेखाटनात तोंड उघडं आहे, एवढंच दिसतं. ती ओरडत असेल. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींना काही सांगत असेल. बैलाला थांब म्हणत असेल. चित्रकारानं ते ऐकलं होतं की नाही, सांगता येत नाही. त्यानं तोंड काढलं होतं हे नक्की, आणि ते त्यानंच मिटवलं हेही नक्की."

"का मिटवलं असेल?"

"विकलं जावं म्हणून असेल," मी म्हटलं. "किंवा तिचं चांगलं व्हावं असं वाटून. मला वाटतं, ज्यानं केलं त्याला हा फरक दिसत नसावा."

हेंक खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अर्ध्या तासानं त्यांनी मला आत बोलावलं आणि पास झाल्याचं सांगून तिघांनीही हात मिळवला. चांगले गुण पडले. मी सगळ्यांचे आभार मानले, वाकून मानले, आणि नंतर ट्रामच्या थांब्यावर उभी राहून ताईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. मागे मशीन चालू होती. मी पास झाले म्हटल्यावर मशीन थांबली.

"झाली का एकदाची! तोंड गोड कर कोनाचं तरी. अण्णाले सांगतलं?"

"सांगते. आधी तू सांगणार होतीस."

"त्या बाईचं काय झालं पहिले? उघडलं का तिचं तोंड?"

"नाही उघडता येत. ज्यानं काढलं त्यानंच मिटवलं असलं, तर तसंच ठेवायचा नियम आहे."

"म्हंजे ज्यानं केलं त्याचंच चालते," ताई म्हणाली. ती हे रागानं म्हणाली नाही. ब्लाउजचं माप सांगावं तसं म्हणाली. ट्राम आली, दारं उघडली, लोक चढले-उतरले. मी चढले नाही.

"राज्यशास्त्राचा पेपर होता त्या दिवशी," ती म्हणाली. "बीए सेकंड इयरचा शेवटचा. तो राह्यलाच माहा. अन् स्थळाकडे फोटो न्याले मामा बसले होते, त्याइले बाराची एसटी पाह्यजे होती. अण्णानं मले स्टुलावर बसवलं, दिवे लावले, म्हने, हास. तं मी म्हनत होती..."

तिला ते शब्द जसेच्या तसे आठवत होते, नुसते बाहेर काढायचे होते.

"मी म्हनत होती, अण्णा, अकराले पेपर हाय माहा. दोनले सुटते. दोनले मी इथंच येऊन बसते, अन् तुमाले पाह्यजे तेवढी हसते."